महापातक : शब्दाचा इतिहास

‘महापातक’ हा शब्द आज आपण सैलपणे उच्चारतो. स्मृतिकारांनी तो पाचच कृत्यांसाठी राखला होता : ब्रह्महत्या, सुरापान, ब्राह्मणाच्या सुवर्णाची चोरी, गुरुपत्नीगमन आणि अशा पातक्यांचा संसर्ग. (कापडाच्या मापातील बोटभर चोरी या यादीत नाही, म्हणून आम्हा व्यापाऱ्यांनी निश्चिंत राहू नये!) दान हिरावण्याचाही यात उल्लेख नाही. तो धाक ताम्रपटांनी घातला.

आपल्या डहाणू तालुक्यात चिंचणी येथे १९५५ मध्ये ताम्रपट सापडले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूटकालीन लेखात संजाण प्रांताचा अरब अधिकारी मधुमती, अर्थात महंमद, याच्या कारकिर्दीत मठाला जमीन दिल्याची नोंद आहे. अधिकारी मुसलमान, मठ देवीचा. हे दान पुढील राज्यकर्ते पाळतील याची हमी कोणती? म्हणून त्या काळच्या दानपत्रांच्या शेवटी, दान हरण करणाऱ्यास पंचमहापातके लागतील, असे बजावीत. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांनी दगडावर गाढवाचे शिल्प, म्हणजे गधेगाळ, कोरवून हीच भीती निरक्षरांपर्यंत पोहोचविली.

आपल्या परंपरेत हा धाक ‘देवद्रव्य’ या शब्दात आहे. देवाला अर्पिलेली रक्कम अन्य कामी, मग ते कितीही चांगले असो, वळविणे हा मोठा दोष मानला जातो. संस्थांच्या खतावणीत देवद्रव्याचे खाते वेगळे ठेवतात, ते याचमुळे.