पहिलवान मोटारीच्या पायातले जोडे



आमच्या एका सहकाऱ्याचा पुतण्या अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळ नोकरीस आहे. त्याने १९७० सालची एक शेव्हरोले शेव्हेल मोटार विकत घेतली आणि एके रात्री काकांना फोन केला, ‘काका, गाडीला चाके आणि टायर कोणते घालू?’ काकांनी फोन आमच्या हाती दिला. कारण आमचे उभे आयुष्य टायर कारखान्यांतल्या कामगारांत गेले आहे. शाळा आमची लवकर सुटली. इंग्रजी अक्षरे आम्ही टायरच्या भिंतीवर वाचून शिकलो. त्या मुलाला जे उत्तर दिले त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या जातीच्या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात; आपण पहिलवान मोटार म्हणू. अंगाने मध्यम, किमतीने सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातली, पण इंजिन मोठ्या गाडीचे. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले. मालक संस्था जनरल मोटर्स हिचा दंडक असा की, या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालू नये. जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी अभियंते हुशार. त्यांनी ते इंजिन ‘गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी जोड’ म्हणून विकले, तिला जीटीओ हे नाव दिले, आणि दंडक कागदावर राहिला. साध्या जोडीतही ३२५ अश्वशक्ती! तरुण पोरे वेडी झाली.

दंडात बळ आले. पण पायात जोडे कसले होते? ७.५०-१४ मापाचे. म्हणजे साडेसात इंच रुंद आणि चौदा इंची रिमवर बसणारे. अंगावर लाल रेघ ओढलेली, दिसायला झोकदार. पण रेघेने रस्ता धरला जात नाही. त्या काळच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकावर एक तिरके टाकलेले असत. वळणावर भिंत वाकली की तिच्याबरोबर तळही मुरडे आणि रस्त्यावरची पकड सुटे. इंजिनाचा आकडा जाहिरातीत ठळक टाइपात येई. त्या बळाचा भार कोण पेलतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नसे.

तो प्रश्न १९६५ साली राल्फ नेडर यांनी ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात जाहीरपणे विचारला. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला, आणि त्याखालील नियमाने १९६८ पासून प्रत्येक प्रवासी टायरच्या भिंतीवर त्याचे माप, तो जास्तीत जास्त पेलेल तो भार आणि सोसेल ती हवा छापणे सक्तीचे झाले. आम्हांस हा नियम टायरच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. विकणाऱ्याच्या तोंडी असलेली गोष्ट घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आली. कामगाराला हजेरीपत्रक वाचता आले की त्याची फसवणूक जशी अवघड होते, तसेच हे.

याच सुमारास टायर रुंद आणि बसके झाले. मापाची भाषाही बदलली. एफ ७०-१४ असे लिहिले तर एफ हे अक्षर भाराचा वर्ग सांगते. वर्णमालेत पुढचे अक्षर म्हणजे अधिक भार. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्याच्या रुंदीच्या ७० टक्के, आणि १४ हा रिमचा व्यास. १९७० च्या शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिनही मिळू लागले. तिच्या पायात सात इंच रुंद रिमवर हेच एफ ७०-१४ टायर. सहा वर्षांत बळ सव्वाशे अश्वशक्तीने वाढले. टायर रुंदावला, तळाखाली काचतंतूंचा पट्टा आला, पण आतले थर तिरके ते तिरकेच.

खरे तर याहून चांगला टायर जगात होता. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट १९४६ सालीच घेतले होते. त्यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखाली पोलादी पट्टा असतो. भिंत वाकली तरी तळ रस्त्यावर सपाट राहतो, आणि टायर पुष्कळ अधिक टिकतो. मग अमेरिकेने तो लगेच का उचलला नाही? कारण त्यासाठी कारखान्यांतली यंत्रे बदलावी लागत होती. अमेरिकन बनावटीच्या गाडीला कारखान्यातूनच सरसकट रेडियल लावण्याची सुरुवात १९७० च्या लिंकन मार्क ३ या महागड्या गाडीने झाली, आणि ते टायरही मिशलँचेच.

आता ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावाकडे वळू. जगाची रबरनगरी ती. तिथल्या फायरस्टोन कंपनीचा कारखाना मुंबईत शिवडीलाही होता. म्हणून ॲक्रनचे नाव आमच्या जुन्या कामगारांना परके नव्हते. १९३६ साली ॲक्रनच्या कामगारांनी यंत्रांपाशीच बसून संप केला आणि आपली संघटना उभी केली. १९७६ साली महागाईच्या प्रमाणात वेतन मिळावे म्हणून चार महिन्यांहून अधिक संप चालला, आणि ती मागणी त्यांनी मिळवली. पण तोवर रेडियल आला होता. टायर अधिक टिकू लागले, म्हणजे कमी लागू लागले. नवी यंत्रे ॲक्रनच्या जुन्या इमारतींत बसवण्याऐवजी कंपन्यांनी दक्षिणेकडे नवे कारखाने काढले. १९८० नंतर थोड्याच वर्षांत ॲक्रनमध्ये प्रवासी मोटारीचा टायर निघणे बंद झाले.

आम्ही संघटनेची माणसे. मग आम्ही रेडियलच्या विरुद्ध बोलावे काय? नाही. रेडियल चांगलाच आहे. ॲक्रनचा घात चांगल्या टायरने केला नाही; वीस-पंचवीस वर्षे वेळ असताना ज्यांनी त्याची तयारी केली नाही त्यांनी केला. घाईचा भुर्दंड गिऱ्हाइकानेही भरला. तळाचा पट्टा सुटू लागल्याने फायरस्टोनला १९७८ साली ५०० मालिकेतले लाखो रेडियल टायर परत घ्यावे लागले.

हे सारे मनात ठेवून आम्ही त्या मुलाला सांगितले ते असे. पहिले, बोल्टांचे वर्तुळ मोज. शेव्हेलचे पाच बोल्ट पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात, त्या काळच्या फोर्ड मस्टँगचे साडेचार इंचांच्या. फरक पाव इंचाचा. पण चुकीच्या वर्तुळावर नट नीट बसत नाही, आणि न बसलेला नट सुटतोच. दुसरे, रिमची बैठक बघ. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमची आतली कड किती खोल आहे ते मोज. खोली फार झाली तर टायर आत स्प्रिंगला घासेल, कमी पडली तर बाहेर मडगार्डला. तिसरे, उंची राख. एफ ७०-१४ च्या जागी २२५/७० आर १४ हा रेडियल चालतो. त्याची उंची ६७० मिलिमीटर, म्हणजे सव्वीस इंचांच्या जराशी वर, जुन्या टायरएवढीच भरते. हौसेने सतरा इंची चाकावर २३५/४५ चा टायर घातलास तर उंची ६४३ वर येईल आणि वेगाचा काटा चार टक्के जास्त दाखवील. चौथे, भारांक वाच. ९८ असेल तर एक टायर ७५० किलो पेलतो. हवा जुन्या पुस्तिकेवरून भरू नकोस; ते आकडे तिरक्या थरांच्या टायरचे आहेत. दोन्ही जातींची सरमिसळ करू नकोस. आणि रेडियलचा ताण वेगळा पडतो, म्हणून जुनी रिम वापरायची तर चीर आणि गंज तपासूनच.

तो म्हणाला, ‘मला एक जण १९७० सालचे अस्सल टायर देतोय. रस्त्याला एकदाही लागलेले नाहीत, जसेच्या तसे.’ आम्ही विचारले, ‘गाडीत कोण बसणार?’ तो म्हणाला, ‘बायको आणि मुलगी.’ आम्ही म्हणालो, ‘बाळा, रबर वापराने झिजते तसे नुसत्या वर्षांनीही मरते. ते टायर प्रदर्शनात शोभतील. रूपच हवे असेल तर जुन्या मापाचे आणि जुन्या अक्षरांचे टायर आजही नव्याने ओतून मिळतात. भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाच. २००० सालापासून त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष.’

त्याने चौदा इंची चाके ठेवली आणि नवे रेडियल घेतले. जुने टायर विकणाऱ्याकडेच राहिले.

श्रोतेहो, शेव्हेल आपल्यापैकी कोणाच्या दारात असण्याचा संभव कमी. पण स्कूटर आहे, टमटम आहे, मुलांना शाळेत नेणारी गाडी आहे. आज घरी जाताना खाली वाका आणि टायरची भिंत वाचा. जो भार पेलतो, त्याच्याकडे पाहण्यासाठी थोडे वाकावेच लागते.