उभ्या गाडीची नाडीपरीक्षा

ऑटोमॅटिक गिअरची गाडी ‘उचलत नाही’ अशी तक्रार आली की संशयित दोन. इंजिनातच जोर नाही, किंवा जोर आहे पण तो चाकांपर्यंत पोचत नाही. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. ते वेगळे ओळखण्याची एक सुरेख रीत आहे; ती समजून घ्यायला आधी आपल्याला आगबोटीवर जावे लागेल.

स्टेटिन (तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये) येथील व्हल्कन गोदीत हेरमान फ्योटिंगर हा अभियंता काम करी. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते, तर बोटीचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट रेटतो. १९०५ साली फ्योटिंगरने पेटंट घेतले ते असे: टर्बाइनने पंप फिरवायचा, पंपाने द्रव फेकायचा आणि त्या द्रवाने दुसरे चक्र फिरवायचे. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर दुसराही फिरू लागतो. वर्गात हे जरूर करून पाहावे.

पण नुसत्या दोन चक्रांनी पीळ (टॉर्क) वाढत नाही. त्यासाठी मध्ये तिसरे चक्र लागते, स्टेटर. तो परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, म्हणून ते पंपाला अडवण्याऐवजी हातभार लावते आणि गाडी निघताना पीळ साधारण दुप्पट होतो. १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींतल्या हायड्रामॅटिकमध्ये स्टेटर नव्हता. ते काम चार गिअर करीत. १९४८ च्या ब्यूइक डायनाफ्लोमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. ही गाडी इतकी अलगद आणि सावकाश निघे, की लोक तिला चेष्टेने ‘डायनास्लश’ म्हणत. तेव्हा मंदपणा बिघाडाचा की मूळ घडणीचा, हेही आधी पाहावे लागे!

आता परीक्षा. इंजिन गरम करायचे, चाकांना उटी लावायची, ब्रेक पूर्ण दाबायचा, गिअर ‘ड्राइव्ह’मध्ये टाकून ऍक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे वाचायचे. गाडी हलत नसल्याने सारी शक्ती तेलाची उष्णता होते, म्हणून पाच सेकंदांच्या आत पाय काढायचा. गाडीपुढे कोणी उभे राहायचे नाही.

फेरे ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाले तर आतला क्लच किंवा बँड घसरतो आहे. कमी भरले तर इंजिन दुबळे आहे, किंवा स्टेटरला उलटे फिरू न देणारा एकदिश क्लच निकामी झाला आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन झटकन वेग घेत असेल, आणि गाडी निघताना रखडून पुढे वेगात नीट पळत असेल, तर संशय स्टेटरवर. कारण वेगात स्टेटर तेलाबरोबर मोकळाच फिरायचा असतो. तोच जाम झाला तर उलट घडते: सुरुवात झकास, आकडाही बरोबर, पण वेग एका मर्यादेपुढे जात नाही आणि तेल तापते.

आजच्या कित्येक गाड्यांत ब्रेक आणि ऍक्सिलरेटर एकदम दाबले की संगणकच इंजिनाला आवरतो; तिथे हा आकडा फसवा ठरतो. आणि २०१४ पासून आपल्या रस्त्यांवर आलेल्या ए.एम.टी. गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. त्यांत साधाच क्लच असतो, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र असते.