लोणारचा खार

पापडाच्या पिठात खार पडला नाही तर पापड हलका होत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. या खारातले जुने, ओळखीचे द्रव्य म्हणजे सोडियम कार्बोनेट. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात ते निसर्गतःच साठले आहे.

अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाडचे वर्णन करताना लोणारची नोंद घेतली. काच आणि साबण यांना लागणारा सारा माल येथे मिळतो, सोऱ्याच्या कामावरील जकातीतून राज्याला उत्पन्न होते, असे तो सांगतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तोफेच्या दारूचा प्राण! तेव्हा बादशाही हिशेबात हे तळे क्षुल्लक नव्हते.

पण खार इथेच का साठला? उल्कापाताने काळ्या कातळात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. जाते ते वाफ होऊनच. कातळ झिजताना सोडियमबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही पाण्यात उतरतात. मात्र या दोघांचे कार्बोनेट पाण्यात फारसे विरघळत नाही, ते तळाच्या गाळात बसते. सोडियमचे कार्बोनेट विरघळलेलेच राहते. वर्षानुवर्षे पाणी आटत गेले आणि सोडियम तेवढा मागे उरला.

गंमत अशी, की जुना साबणवालाही हीच युक्ती वापरी. खाराच्या पाण्यात तो चुन्याची निवळी घाली. चुन्यातले कॅल्शियम पांढरा साका होऊन खाली बसे आणि वर दाहक सोडा राही. त्यात तेल शिजवले की साबण तयार. तळ्यात जे युगानुयुगे चालते, ते त्याच्या कढईत काही तासांत होई.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की लोणारला खार काढला जाई. त्याचे प्रकारही लोकांनी ओळखले होते : डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. पुढे फ्रान्समध्ये लेब्लांकने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याचे पेटंट घेतले. १८६१ मध्ये बेल्जियमच्या सॉल्व्हेने त्याहून स्वस्त रीत काढली. कारखान्याच्या सोड्यापुढे तळ्यातल्या खाराचा निभाव लागणे अवघडच होते.

धंदा गेला, तरी तळे अजून खारेच आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण दर्जाने खार टिकत नाही. तो टिकतो येणारे पाणी आणि उडणारी वाफ यांच्या हिशेबावर. धारेचे गोडे पाणी पूर्वीपासून येतेच. गावाचे सांडपाणीही खाली उतरू लागले, ही चिंतेची बाब. खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या जीवांना दुसरे घर जवळपास कुठेही नाही.