तोर्गसीन : पाहुण्यांची दुकाने व सोव्हिएत दैनंदिन जीवन (१९२९–१९३६)

इ. स. १९३० नंतरच्या काही वर्षांत सोव्हिएत युनियन पाहून आलेल्या परदेशी प्रवाशांनी विपुल लेखन केले. त्यांपैकी अनेकांना तेथील उपासमार दिसली कशी नाही, हा प्रश्न इतिहासकारांना दीर्घकाळ सतावत आला आहे. पॉल हॉलंडर यांनी १९८१ मध्ये त्याचे उत्तर प्रवाशांच्या मनोवृत्तीत शोधले. स्वतःच्या समाजाला विटलेल्या पाश्चात्त्य बुद्धिजीवींना जे पाहावयाचे होते तेच त्यांनी पाहिले, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. पुढे सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर मायकेल डेव्हिड-फॉक्स यांनी २०१२ मध्ये यजमानांच्या बाजूचा, म्हणजे आदरातिथ्याच्या यंत्रणेचा, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही विवेचने मोलाची आहेत. परंतु पाहुण्याला काय दाखविले आणि त्याने काय मानले, एवढ्यापुरताच विचार केला तर पर्यटन हे पडद्यापुढील दृश्य आणि लोकांचे जीवन ही पडद्यामागील गोष्ट, अशी विभागणी आपोआप गृहीत धरली जाते. वस्तुतः या दोहोंना जोडणारी एक संस्था होती, आणि ती होती एक दुकान.

केवळ भोळेपणाने या प्रश्नाचा उलगडा होत नाही, हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या उदाहरणावरून दिसते. सप्टेंबर १९३० मध्ये ते मॉस्कोत होते. शिक्षणप्रसाराने ते भारावून गेले व तसे त्यांनी पत्रांतून मोकळेपणाने लिहिले. तथापि निघताना ‘इझ्वेस्तिया’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी वर्गद्वेषाच्या शिकवणुकीविषयी व विचारस्वातंत्र्याविषयी स्पष्ट इशारा दिला. ती मुलाखत त्या पत्राने १९८८ पर्यंत छापली नाही. (इकडे त्याच पत्रांपैकी एकाचा इंग्रजी अनुवाद १९३४ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त येताच ब्रिटिश सरकारने पुढील अनुवादास मनाई केली, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.)

परदेशी प्रवाशांसाठी ‘इन्टूरिस्ट’ ही सरकारी कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. तिचा हेतू प्रचाराइतकाच पैशाचाही होता. पंचवार्षिक योजनेसाठी यंत्रसामग्री बाहेरून आणावयाची होती, आणि त्यासाठी डॉलर व पौंड हवे होते. प्रवासी आपल्या देशातच पैसे भरी. निवास, भोजन, मोटार, दुभाष्या या साऱ्यांची कुपने त्याच्या हाती पडत. त्यामुळे रूबल घेऊन बाजारात जाण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. रेशनचे कार्ड व भाकरीची रांग या सोव्हिएत नागरिकाच्या दिवसाच्या मुख्य गोष्टींशी त्याचा संबंध येत नसे, तो असा. त्यासाठी कोणी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी लागत नव्हती.

याच हेतूने १९३० मध्ये ‘तोर्गसीन’ निघाले. ‘परदेशीयांशी व्यापार’ या अर्थाच्या रशियन शब्दांचे हे संक्षिप्त रूप. आरंभी तेथे सामान्य नागरिकाला खरेदीची मुभा नव्हती. १९३१ च्या उन्हाळ्यात झारकालीन सोन्याची नाणी आणणाऱ्या नागरिकांना आणि वर्षअखेरीस दागिने आणणाऱ्यांनाही प्रवेश मिळाला. पुढे चांदीही घेण्यात येऊ लागली. लग्नाची अंगठी, कर्णभूषणे, गळ्यातील क्रूस यांची किंमत मोडीच्या भावाने, वजनावर होई. पाहुण्यांसाठी उघडलेली ही दुकाने पाहता पाहता देशभर पसरली. १९३३ मध्ये त्यांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. एलेना ओसोकिना यांनी या संस्थेची दप्तरे तपासून जे दाखविले ते विदारक आहे: तोर्गसीनच्या भरभराटीचे वर्ष आणि दुष्काळाचे वर्ष एकच, १९३३, आणि त्या वर्षी सर्वांत अधिक खप होता तो पिठाचा.

दुष्काळाची मुख्य झळ खेड्यांना लागली. सक्तीच्या धान्यवसुलीने शेतकऱ्यांची कोठारे रिकामी झाली होती, आणि त्यांना रेशनचे कार्डही नव्हते. डिसेंबर १९३२ मध्ये अंतर्गत पासपोर्टची पद्धत आली. जानेवारी १९३३ च्या आदेशाने युक्रेन व कुबान येथील शेतकऱ्यांना प्रदेशाबाहेर जाण्याची बंदी झाली. एकट्या युक्रेनमधील मृत्यूंचा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे ३९ लाख इतका आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरियो युक्रेनमध्ये आले. त्यांच्या मार्गावरील ठिकाणे आधीच सज्ज करण्यात आली होती. तो प्रदेश बहरलेल्या बागेसारखा आहे, असा निर्वाळा त्यांनी परतल्यावर दिला. त्यांना फसविले गेले हे खरे. पण फसण्याची त्यांची तयारीही दुर्लक्षिण्यासारखी नाही, कारण फ्रान्सला त्या वेळी मॉस्कोशी मैत्री हवी होती.

याउलट वेल्श पत्रकार गॅरेथ जोन्स मार्च १९३३ मध्ये खार्कीव्हच्या वाटेवर मध्येच गाडीतून उतरले आणि खेड्यांतून पायी चालत गेले. त्यांच्या पाठीवरील पिशवीत पाव, लोणी, चीज, चॉकलेट असे जिन्नस होते, आणि ते त्यांनी परकीय चलन देऊन तोर्गसीनमध्येच घेतले होते. गाडीत त्यांनी पिकदाणीत टाकलेला पावाचा तुकडा एका शेतकऱ्याने उचलून खाल्ला. मागाहून टाकलेली संत्र्याची सालही त्याने सोडली नाही. पाहुण्याला मिळणारी सवलत जोन्स यांनाही होती. ती घेऊन ते पाहुण्याच्या मार्गाबाहेर गेले, एवढाच फरक. २९ मार्च रोजी बर्लिनमध्ये त्यांनी जे पाहिले ते जाहीर केले. दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये वॉल्टर ड्युरांटी यांनी त्याचे खंडन केले. ड्युरांटी हे मॉस्कोचे जुने वार्ताहर, आणि जोन्स अवघ्या २७ वर्षांचे. वजन कोणाच्या शब्दाला आले हे सांगावयास नको.

तोर्गसीन १९३६ च्या आरंभी बंद झाले. तोवर त्याने सुमारे २८ कोटी ७० लाख सुवर्ण रूबलांची मूल्यवान चीजवस्तू व चलन जमा केले होते. त्यात परदेशी प्रवाशांनी दुकानात खर्चिलेल्या पैशाचा वाटा अल्प होता. बहुतेक भर घातली ती देशातीलच नागरिकांनी, सोने व चांदी मोडून आणि परदेशस्थ नातलगांनी धाडलेल्या रकमांतून. दुकानाच्या नावात मात्र अखेरपर्यंत परदेशी पाहुणाच राहिला.