अंदमानची तयारी आणि कॅमेऱ्याची पिशवी

येत्या जानेवारीत आम्ही घरचे सात जण अंदमानला निघालो आहोत. घरात कामांची वाटणी झाली आहे. सूनबाईकडे विमानं आणि हॉटेलं, नातवाकडे कॅमेऱ्याचं सामान, आणि माझ्याकडे (इतिहास शिकवला म्हणून!) 'तिथे काय काय बघायचं' याची यादी. यादी करायला म्हणून वाचायला बसले आणि कॅमेऱ्याच्या सामानातच अडकले. बेटांचा इतिहास आणि नातवाची ती काळी पिशवी यांचा संबंध माझ्या कल्पनेपेक्षा फार जवळचा निघाला. म्हणून हा लेख. नातेवाइकांनी सहलीची माहिती म्हणून वाचावा, बाकीच्यांनी इतिहास म्हणून.

आधी सामानाचं बोलते. आमचं सांगोलं म्हणजे माणदेश. वर्षाला पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. इथे कॅमेऱ्याचा शत्रू एकच, धूळ. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत कायम ओल आणि मीठ. तिथे लेन्सला आतून बुरशी धरते, आणि थंडगार केलेल्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ बसते. उपाय साधे आहेत. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि बाहेर पडण्याआधी कॅमेरा पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायचा. समुद्रावरून आलं की किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायचा. होडीत बसताना मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी हवीच. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानात, मोठ्या बॅगेत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंदमान आपल्या पूर्वेला सुमारे साडेसतरा अंश रेखांश आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सत्तर मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच! त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. 'चहा पिऊन सूर्यास्ताला जाऊ' म्हणणाऱ्यांना अंधारच दिसायचा. तेव्हा फोटो काढणाऱ्यांनी पहाटे पाचला उठायचं, असं मी यादीत ठळक अक्षरात लिहिलं आहे. (नातवाला हे कलम मान्य नाही. असो.)

तर आता इतिहासाकडे.

अंदमानात कॅमेरा पहिल्यांदा नेला तो सहलीसाठी नव्हे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना कैदी ठेवायला दूरची जागा हवी होती. ती शोधायला त्या वर्षाच्या अखेरीस डॉ. मोआट यांच्या नेतृत्वाखाली एक समिती 'प्लूटो' नावाच्या आगबोटीनं बेटांवर गेली. तिच्यासोबत मॅलिट नावाचा एक फ्रेंच फोटोग्राफर होता. त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. म्हणजे काचा, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू, एवढं सगळं बरोबर न्यायचं. आमच्या नातवाची पिशवी त्यापुढे काहीच नाही.

या समितीची बेटवासीयांशी चकमक झाली आणि एक तरुण तिच्या हाती लागला. त्याला 'जॅक' असं नाव देऊन कलकत्त्याला नेलं. तिथे त्याचा फोटो काढला, लोकांनी त्याला पाहिलं, आणि तो आजारी पडला तेव्हा त्याला परत बेटावर आणून सोडलं. अंदमानच्या माणसाच्या अगदी पहिल्या फोटोंपैकी हा एक. त्याचं खरं नाव काय, हे विचारणं कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. नंतर १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी तिथे उतरली आणि काळं पाणी सुरू झालं.

पुढचं नाव मॉरिस व्हिडाल पोर्टमनचं. १८७९ साली, वयाच्या विशीच्या आतच, हा माणूस अंदमानी लोकांवरचा अधिकारी झाला आणि वीसेक वर्षं त्या कामात राहिला. १८८० साली तो उत्तर सेंटिनेल बेटावर मोठी तुकडी घेऊन गेला आणि एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं धरून पोर्ट ब्लेअरला आणली. सगळी लगेच आजारी पडली. म्हातारा-म्हातारी गेली, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. सेंटिनेली लोक परक्याला बाण का मारतात, असं आपण बातम्या वाचून विचारतो. त्याचं सगळं उत्तर या एका गोष्टीत आहे असं मी म्हणणार नाही. पण वर्गात हा प्रश्न आला असता तर मी आधी हीच गोष्ट सांगितली असती.

हाच पोर्टमन उत्तम फोटोग्राफर होता. १८९० च्या दशकात त्यानं ब्रिटिश म्युझियमसाठी अंदमानी लोकांचे फोटो पद्धतशीरपणे काढले. मागे काळ्यापांढऱ्या चौकटींचा पडदा, पुढे माणूस उभा. एकदा समोरून, एकदा बाजूनं. चौकटी ठरावीक मापाच्या, म्हणजे लंडनमध्ये बसलेल्याला फोटोवरूनच माणसाचं माप कळावं. याशिवाय धनुष्य कसं करतात, होडी कशी कोरतात, याचेही फोटो त्यानं घेतले. मानवशास्त्रासाठी फोटो कसे काढावेत यावर १८९६ साली त्यानं लेखही लिहिला. समोरच्यावर रागावू नये, घाई करू नये, असा सल्ला त्यात आहे. सल्ला चांगलाच आहे. पण समोरच्याची फोटोला मर्जी आहे का, हा प्रश्न त्या पद्धतीत कुठे बसत नव्हता.

आता आकडे बघा. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १८७७ ची गोवराची साथ, आणखी आलेले रोग आणि तुटलेली जंगलं यांनी काय केलं, ते जनगणना सांगते. १९०१ साली ६२५. १९३१ साली ९०. १९६१ साली १९! म्हणजे पोर्टमनचा कॅमेरा जी माणसं मोजत होता, ती डोळ्यांदेखत संपत होती. आज त्यांचे वंशज पन्नास-साठच्या घरात आहेत. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर नावाच्या वृद्धा वारल्या आणि त्यांच्याबरोबर 'बो' ही भाषा गेली. ती बोलायला दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून त्या पक्ष्यांशी बोलत, असं सांगतात. सुदैवानं भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवला आहे.

हे सगळं वाचत असतानाच आमच्या कार्यक्रमातल्या तिसऱ्या दिवशी लिहिलेलं दिसलं: 'बाराटांग, चुनखडीच्या गुहा'. गुहा सुंदर आहेत म्हणतात. पण तिथे जाणारा नेहमीचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्यानं सोडतात. वाटेत थांबायचं नाही, काही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. आदिवासींच्या संरक्षणाचा नियम १९५६ चा आहे आणि २०१२ मध्ये त्यातल्या शिक्षा वाढवल्या. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडच्या 'ऑब्झर्व्हर'नं एक चित्रफीत उघड केली होती. खाण्याच्या वस्तूंच्या बदल्यात जारवा बायकांना पर्यटकांपुढे नाचायला लावलं होतं. त्याच्या दहा वर्षं आधी, २००२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं राखीव जंगलातला रस्ता बंद करा असं सांगितलं होतं. जारवा १९९७-९८ पासून आपणहून बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्येच त्यांच्यात गोवराची साथ आली. १८७७ आठवतंय ना?

घरात यावर दोन दिवस वाद झाला. जावईबापूंचं म्हणणं, "आई, आपण नियम पाळू, कॅमेरा पिशवीतच ठेवू. आपण नाही गेलो म्हणून ताफा थांबणार आहे का? शिवाय तिथल्या गाडीवाल्यांचं पोट त्यावर आहे." मुद्दा चुकीचा नाही. गाडीवाल्याचं पोट मलाही दिसतं. दुष्काळी भागातल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. पण मी विचारलं, "त्या दीड-दोन तासांत आपल्यापैकी कोण खिडकीबाहेर जारवा शोधणार नाही?" कुणी बोललं नाही. कॅमेरा पिशवीत असला तरी डोळे खिडकीला असणारच. चौकटीचा पडदा नाही एवढंच, माणूस तसाच समोर उभा. नातू हळूच म्हणाला, "आजी, मला खरं तर त्यांचाच फोटो हवा होता." खरं बोलला, म्हणून मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवसावर काट मारली. गाडीवाल्याला काम द्यायचं तर ते दक्षिणेकडच्या चिडिया टापूच्या वाटेवरही देता येतं. तिथला सूर्यास्त नावाजलेला आहे. मात्र पाच वाजता!

आता सेल्युलर जेल. आपण मराठी माणसं अंदमानला जातो ती बहुतेक सावरकरांसाठी. ४ जुलै १९११ रोजी 'महाराजा' बोटीतून ते तिथे उतरले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीच तिथे होते. त्यांच्या सामानाची यादी काय होती? अंगावर कैद्याचे कपडे आणि गळ्यात बिल्ला. त्या बिल्ल्यावर सुटकेचं वर्ष कोरलेलं: १९६०. दिवसाला तीस पौंड तेल घाण्यावर काढायचं. कागद-पेन्सिल नाही, म्हणून कविता भिंतीवर कोरायच्या आणि पाठ करायच्या. मे १९२१ मध्ये दोघा भावांना परत हिंदुस्थानात आणलं आणि १९२७ मध्ये 'माझी जन्मठेप' पुस्तकरूपानं आलं. त्या कोठडीचं चित्र आपल्या मनात उभं आहे ते फोटोंमुळे नव्हे, शब्दांमुळे.

हे दोन इतिहास मी शेजारी ठेवून पाहिले. सावरकरांकडे कॅमेरा नव्हता, पण शब्द होते आणि ते ऐकायला वाचकही होते. ग्रेट अंदमानी लोकांचे फोटो खंडच्या खंड भरून लंडनला आहेत, पण ते काढताना त्यांना काय वाटलं, याचा त्यांनी लिहिलेला एक शब्द नाही. त्यांच्या भाषांना लिपीच नव्हती. फोटो पुष्कळ असले म्हणजे माणूस कळला असं होत नाही. एकाच बेटावर, काही वर्षांच्या अंतरानं, दोन्ही गोष्टी घडल्या.

जेलमध्ये फोटो काढणाऱ्यांसाठी एक सूचना. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजा होत्या, आज तीन उरल्या आहेत. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि झरोका दहा फुटांवर. आत उभं राहून फोटो काढायचा तर मोबाइलची रुंद लेन्स लावावी लागते, आणि त्या लेन्समध्ये लहान खोली ऐसपैस दिसते. फोटो खोटं बोलतो! म्हणून गेल्या रविवारी मी अंगणात रांगोळीनं साडेतेरा बाय साडेसातची चौकट आखली आणि दोघा नातवंडांना दहा मिनिटं तिच्यात गप्प बसायला सांगितलं. धाकटी चौथ्या मिनिटाला उठली. थोरल्यानं दहा पूर्ण केली, आणि मग स्वतःच विचारलं, "दहा वर्षं?" यापेक्षा चांगला इतिहासाचा तास मी नोकरीत फारसा घेतला नसेन.

लहानपणीच्या कॅमेऱ्यांनी आमच्या पिढीला एक शिस्त लावली होती. आग्फाचा क्लिक थ्री, १२० ची रील, आणि फोटो फक्त बारा. शाळेच्या सहलीत प्रत्येक फोटोआधी चर्चा व्हायची, हा काढायचा का? आज मेमरी कार्डात हजारो मावतात, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. नातवाला मी एवढंच सांगितलं आहे की तो प्रश्न परत विचारायचा. जागा संपेल म्हणून नव्हे, समोर माणूस आहे म्हणून. होडीवाला, मासळीवाली, हॉटेलातली पोरं, सगळ्यांना आधी विचारायचं आणि मगच काढायचं. नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं.

अंतिम कार्यक्रम असा ठरला आहे. श्री विजयपुरममध्ये (सप्टेंबर २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर) एक सकाळ मानवशास्त्र संग्रहालय, त्याच दुपारी सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी पूर्वीचं रॉस बेट, २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिथे इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांना झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे, आणि त्यांचे फोटो मनसोक्त काढायला माझी हरकत नाही. तिसऱ्या दिवशी चिडिया टापू. मग दोन दिवस स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. तिथे मुलं पाण्यात उतरतील आणि प्रवाळ बघतील. प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नाही, कायद्यानं मनाई आहे. आम्ही म्हातारी माणसं सावलीत बसू.

आपल्यापैकी कुणी बाराटांगचा जंगलरस्ता टाळून अंदमान पाहिलं असेल तर जरूर कळवा. तिसऱ्या दिवसाच्या सकाळी अजून जागा आहे.