लखनौचे सरबत

उन्हाळ्यात घरी आलेल्या पाहुण्यापुढे काय ठेवावे, या प्रश्नाचे मराठी घरातील उत्तर ठरलेले आहे : कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, नाही तर लिंबू. यांपैकी ‘पन्हे’ संस्कृत ‘पानका’वरून आले आणि ‘सरबत’ अरबीतून. पिणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून ‘शराब’ आणि ‘शरबत’ हे दोन्ही शब्द निघाले. एक भाऊ बदनाम झाला, दुसरा आतिथ्याचे चिन्ह ठरला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने १२व्या शतकात ‘मानसोल्लासा’त पेयांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. तेव्हा ही विद्या आपणांस उत्तरेकडून उसनी घ्यावी लागली असे नाही. तथापि एका पेल्याभोवती उभी राहिलेली सबंध शहराची रीत पाहावयाची असेल, तर लखनौलाच जावे लागते.

१७७५ साली नवाब असफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. दिल्लीची कळा उतरत होती. तिकडचे कवी, गवई, आचारी इकडे आले आणि त्यांच्याबरोबर आबदारखान्याची, म्हणजे पाणी सांभाळण्या-थंड करण्याच्या खात्याची, मोगली परंपराही आली. या परंपरेचे वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सापडते. शेरभर पाणी धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करावे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालावा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवीत राहावे. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, इतकेच त्यातले रहस्य. तोफेच्या दारूत आग ओकणारा पदार्थ पाणी गार करण्यास लावला, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले आहे.

बर्फ मिळे तो आणखी कष्टाने. रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली अलाहाबादकडील पद्धत लिहून ठेवली आहे : हिवाळ्यातील निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी घालून ते खड्ड्यात वाळल्या ताटांवर मांडीत. जमिनीची ऊब त्या ताटांमुळे वर पोहोचत नसे, पाण्याची स्वतःची उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाई आणि पहाटेस पापुद्रा धरे. हा बर्फ उन्हाळ्यापर्यंत जपावयाचा! अमेरिकेतून बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्यास लागले ते १८३३ साली. तेव्हा गार सरबताचा पेला पुढे करणे म्हणजे केवढा मान होता, हे आपल्या फ्रिजच्या काळात सहजी ध्यानात येत नाही.

पण लखनौचे खरे सरबत दरबारात नव्हे, घरात पाहावे. उन्हाळ्याच्या ऐन भरात फालसा बाजारात येतो. जांभळट रंगाचे, वाटाण्याएवढे आंबटगोड फळ. ते दोन दिवस टिकत नाही, लांबच्या प्रवासास मुळीच निघत नाही. म्हणून त्याचे सरबत घरी करण्यातच अर्थ. फळे धुऊन थोड्या पाण्यात हाताने कुस्करावीत, बिया राहतील अशा बेताने गाळावे, साखर आणि चिमूटभर काळे मीठ घालावे. मिक्सरात घातल्यास बी भरडते आणि तुरटपणा उतरतो. येथे हातच बरा. लिंबाचे करावयाचे तर साखरेच्या पाकात पुदिना उकळू नये, पाक कोमट झाल्यावर चुरडून टाकावा, आणि लिंबू सर्वांत शेवटी पिळावे. वर भिजवलेला सब्जा. वाळा, केवडा, बेलफळ यांचे प्रकार निराळे. मलिहाबादच्या आमराया जवळच, त्यामुळे कैरीचेही पेय होते. तिकडे त्यास ‘पन्ना’ म्हणतात, म्हणजे आपल्या पन्ह्याचा सख्खा भाऊच.

यांतील पुष्कळ सरबते मूळची औषधे होत. युनानी वैद्यकात चंदन, नीलोफर, बोरासारखे उन्नाब यांची सरबते हकीम लिहून देत. लखनौच्या झवाई टोल्यात हकीम अब्दुल अजीज यांनी १९०२ साली युनानी विद्यालय स्थापिले. त्याच सुमारास दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांच्या दवाखान्यातून ‘रूह अफजा’ निघाले आणि सरबत बाटलीत गेले.

मोहरमात लखनौच्या रस्त्यांवर ‘सबील’ लागते. ६८० साली करबलेत इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती तहानलेले मारले गेले. त्या स्मरणार्थ येणाऱ्याजाणाऱ्यास पाणी नि सरबत द्यावयाचे. ज्या काळी आगगाडीच्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळे, त्या काळीही ही सबील चालूच होती. चित्र अर्थात सगळे गोड नाही. शिया-सुन्नींचे तंटे इथे १९३०च्या दशकात विकोपास गेले, आणि १९७७ पासून मोहरमच्या मिरवणुकांवर बंदी आली ती १९९८ पर्यंत टिकली.

दुसरा प्रसंग ज्येष्ठातील मंगळवारांचा, ‘बडा मंगल’. (तिकडचा महिना पौर्णिमान्त असल्याने तो आपल्या ज्येष्ठाआधी पंधरा दिवस सुरू होतो.) अलीगंजच्या हनुमान मंदिराशी हा उत्सव निगडित आहे. ते मंदिर नवाबाच्या घराण्यातील एका बेगमेने बांधविले असे सांगतात. त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. त्या दिवशी गल्लोगल्ली मांडव पडतात, पिंपांत बर्फाच्या लाद्या सोडतात आणि वाटसरूला हाताला धरून पेला देतात. अलीकडे तेथे पुरीभाजीचा थाट वाढला आहे. जुने लखनौकर मात्र अद्याप गूळधनिया आणि सरबत यांचीच आठवण काढतात.