अजबबंगल्यांतील चांदा

नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय लोकांच्या तोंडीं अजबबंगला म्हणूनच राहिलें. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळांत, १८६३ सालीं, तें स्थापन झालें. शिल्पें, शस्त्रें, चित्रें, पेंढा भरलेले पशुपक्षी, आदिवासींच्या वस्तु. एकाच छपराखालीं जणुं पांचसहा संग्रहालयें! चांद्याच्या अरण्यांतून (त्याचा पूर्वभाग १९८२ पासून गडचिरोली जिल्हा) आलेल्या प्रेक्षकास मात्र चमत्कारिक वाटावें. त्याच्या घरीं वाघ, दगड आणि माणूस शेजारी. इथें मध्यें भिंती.

या भिंती न मानणारा एक गृहस्थ होता: पाद्री स्टीफन हिस्लॉप. १८४५ सालीं तो नागपुरास आला. धर्मप्रसाराच्या फिरतींत तो खडक फोडी आणि गोंडांचीं गाणींही उतरून घेई. वर्धेच्या खोऱ्यांतील मांगलीची एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनीं तिचें नांव ब्रॅकिऑप्स ठेविलें. ती तिकडेच राहिली. संग्रहालय निघालें त्याच वर्षीं, सप्टेंबरांत, टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉप पुरांत बुडाला. त्याचीं टिपणें टेंपल यांनीं १८६६ सालीं छापलीं. लिंगोची गोंडी कथा त्यांत आहे. ती कोणत्याही कपाटांत मावली नसती.